सुरीआधीं निसणा

घरांतील कोणी जपानास जाऊन आलें, कीं त्याच्या सामानांतून हल्लीं पुष्कळदां एक अरुंद, लांबट पेटी बाहेर निघते. पेटींत स्वयंपाकघरांतली सुरी असते. पातें आरशासारखें, त्यावर लाटांसारखी नक्षी, मूठ पांढुरक्या लाकडाची. चार दिवस तिचें कौतुक होतें. सहा महिन्यांनीं पाहावें, तों धारेला टवका उडालेला, पात्यावर तांबेऱ्याचे ठिपके पडलेले, आणि गृहिणी पुन्हा आपल्या जुन्या विळीकडे वळलेली! यांत दोष सुरीचा नसतो व गृहिणीचाही नसतो. उत्तम हत्यार घरांत आणावयाचें, तर आधीं त्याचा स्वभाव समजून घ्यावा लागतो. नेमकें तेवढेंच राहून गेलेलें असतें.

जपानी सुरीची कीर्ति आजकालची नव्हे. ओसाका शहराला लागून असलेलें साकाइ हें या धंद्याचें मोठें पीठ. सोळाव्या शतकांत पोर्तुगीजांबरोबर तंबाखू जपानांत आली. तिचीं पानें बारीक चिरण्यासाठीं साकाइच्या लोहारांनीं खास सुऱ्या घडविल्या, आणि पुढें तोकुगावा राजवटीनें त्यांच्या उत्तमपणाबद्दल त्यांना सरकारी शिक्का बहाल केला. गिफु प्रांतांतील सेकी हें गांव मूळचें तलवारींचें. १८७६ सालीं सामान्य जनांस तलवार बाळगून हिंडण्याची मनाई झाली, तेव्हां तिच्यावर पोट असलेले कारागीर सुऱ्या-कात्र्यांकडे वळले. साकाइमध्यें परंपरेनें घडविलेली सुरी आजही एका हातची नसते. लोहार पातें घडवितो, दुसरा कसबी त्याला धार लावतो, तिसरा मूठ बसवितो.

या सुऱ्यांचे प्रकार अनेक आहेत, आणि प्रत्येकाचें काम ठरलेलें आहे. ‘देबा’ ही जाड पाठीची सुरी मासे तोडण्यासाठीं. ‘यानागिबा’ ही लांब, निमुळती सुरी कच्च्या माशाचे पातळ काप काढण्यासाठीं. या दोहोंना धार एकाच बाजूनें असते. अशी सुरी शिकल्यावांचून सरळ चालत नाहीं. ‘ग्युतो’ची कथा मात्र मनोरंजक आहे. इ. स. ६७५ मध्यें तेन्मु बादशहानें गाय, घोडा इत्यादि प्राण्यांच्या मांसावर बंदी घातली होती, आणि बौद्ध धर्माच्या प्रभावामुळें मांसाहार तेथें कित्येक शतकें निषिद्ध मानला गेला. १८७२ सालीं मेजी बादशहानें मांस खाल्ल्याचें जाहीर झालें, पाश्चात्य खाणें रूढ होऊं लागलें, व त्याच्याबरोबर युरोपीय घडणीची ही सुरी आली. तिच्या नांवांतच ‘गाय’ आहे! दुसऱ्या महायुद्धानंतर घरोघर पसरलेली ‘सांतोकु’, म्हणजे ‘तीन गुणांची’, ही मांस, मासे व भाजी या तिहींना चालते. आणि शाकाहारी घराला सर्वांत जवळची ती ‘नाकिरि’. नांवाचा अर्थच ‘भाजी चिरणारी’. तिचें पातें रुंद, चौकोनी व पातळ असून धार जवळजवळ सरळ असते. कोबी, मेथी, काकडी, गाजर यांवर ती फार सुरेख चालते.

आतां पोलादाविषयीं. जपानी सुरीचें सारें मर्म तिच्या कठीणपणांत आहे. कठीणपणा मोजण्याच्या रॉकवेल मापाप्रमाणें जर्मन घडणीची सुरी साधारणतः ५६ ते ५८ भरते. चांगली जपानी सुरी ६० ते ६४. पोलाद कठीण म्हणून धार अधिक निमुळती करतां येते व ती पुष्कळ दिवस टिकते. परंतु जें कठीण तें ठिसूळही असतें. मऊ पोलादाची धार दबते किंवा वांकते. या पोलादाचा टवका उडतो. म्हणून बहुतेक सुऱ्यांत मधें कठीण पोलादाचा गाभा ठेवून त्याला मऊ लोखंडाची किंवा पोलादाची जोड देतात.

गाभ्याचे प्रकार मुख्यतः दोन. शिमाने प्रांतांतील यासुगि येथील ‘शिरोगामि’ व ‘आओगामि’, म्हणजे पांढरा कागद व निळा कागद, हीं जुन्या वळणाचीं पोलादें. ज्या रंगाच्या कागदांत तीं गुंडाळून येत त्यावरून हीं नांवें पडलीं. यांना धार अप्रतिम लागते, पण तीं गंजतात. आणि नव्या पात्यानें कांदा किंवा कैरी चिरली तर फोडी काळवंडतात. दुसरा प्रकार न गंजणाऱ्या पोलादाचा. त्यांत ‘व्हीजी-१०’ हें प्रसिद्ध असून त्यांत सुमारें १५ टक्के क्रोमियम असतें. आपल्या स्वयंपाकांत लिंबू, चिंच, टोमॅटो रोजचे, आणि कोंकणपट्टींतील पावसाळ्याची हवा ओली. तेव्हां पहिली सुरी न गंजणारीच घ्यावी, हें बरें.

खरेदी करतांना नक्षीला भुलूं नये. लाटांची नक्षी बाहेरच्या आवरणाची असते. चिरण्याचें काम गाभा करतो, आणि गाभा तर साध्या पात्यांतही तोच असूं शकतो. पातें डोळ्यांसमोर धरून तें सरळ आहे कीं नाहीं व धारेकडे एकसारखें पातळ होत जातें कीं नाहीं, हें पाहावें. मूठ ओल्या हातांतही घट्ट बसली पाहिजे. जपानी मूठ बहुधा मॅग्नोलियाच्या हलक्या लाकडाची असते व तिच्या तोंडाशीं पुष्कळदां म्हशीच्या शिंगाचें कडें बसविलेलें असतें. ज्यांना तें नको असेल त्यांनीं निव्वळ लाकडाची मूठ मागून घ्यावी. घरासाठीं नाकिरि किंवा सांतोकु साडेसहा-सात इंचांची पुरे. डावखुऱ्यांनीं दोन्ही बाजूंनीं धार असलेलीच घ्यावी. आणि विमानानें येतांना सुरी हातच्या पिशवींत ठेवतां येत नाहीं, हेंही ध्यानीं असावें.

वापरण्याची रीत विळीच्या अगदी उलट आहे. विळीचें पातें स्थिर असतें व भाजी त्यावर लोटतात. येथें भाजी स्थिर व पातें चालतें. अंगठा व तर्जनी यांच्या चिमटींत पात्याची मुळाकडील बाजू धरावी, बाकीचीं बोटें मुठीभोंवतीं. दुसऱ्या हाताचीं बोटें आंत वळवून पेरांच्या आधारानें पातें चालूं द्यावें, म्हणजे नखें सुरक्षित राहतात. नाकिरि झुलवूं नये. किंचित् पुढें लोटीत सरळ खालीं न्यावी. खालीं लाकडी फळी हवी. दगडी ओटा, कांच किंवा स्टीलचें ताट यांवर धार एका दिवसांत जाते. नारळ फोडणें, गोठलेला पदार्थ तोडणें, भोपळ्यांत रुतलेलें पातें पिळून काढणें, हीं कामें या सुरीचीं नव्हेत. चिरलेलें गोळा करावयाचें तें पाठीनें, धारेनें नव्हे. काम होतांच हातानें धुऊन लगेच कोरडी करावी. विळीला रजा देण्याचें कारण नाहीं. नारळ खवावयाला तीच हवी.

आतां मुख्य गोष्ट. कितीही उंची सुरी असो, धार जाणारच; आणि बोथट सुरीइतकें धोक्याचें हत्यार स्वयंपाकघरांत दुसरें नाहीं. तिला जोर लावावा लागतो, जोर लावला कीं ती घसरते, आणि घसरली कीं बोटावर येते. म्हणून सुरी घेण्यापूर्वीं निसणा घ्यावा. एक हजार नंबरचा पाण्याचा दगड घरास पुरतो. पुढें तीन किंवा सहा हजारांचा घेतल्यास धार अधिक मुलायम होते. दगड भिजवून ओल्या फडक्यावर ठेवावा. पातें दगडाशीं सुमारें १५ अंशांचा कोन करील असें धरावें. पावणेदोन इंच रुंदीच्या पात्याची पाठ अर्ध्या इंचाहून किंचित् कमी उचलली, कीं हा कोन साधतो. कोन न बदलतां पातें मागेंपुढें चालवावें. दुसऱ्या बाजूस बोटाला बारीक खरखर लागूं लागली, म्हणजे ही बाजू झाली. मग पातें उलटावें. शेवटीं हलक्या हातानें ती खरखर काढून टाकावी. पिकल्या टोमॅटोची साल भार न देतां कापली गेली, म्हणजे धार उतरली असें समजावें. चाकावर धार लावून देणाऱ्याकडे ही सुरी सहसा देऊं नये. तापलेल्या पात्याचें पाणी उतरतें व मग तें धार धरीत नाहीं.

सुरी आणणारे बहुधा घरांतील पुरुष असतात, आणि रोज चिरणाऱ्या बहुधा स्त्रिया. त्यांतून धार लावण्याचा भारही त्यांच्यावरच टाकावयाचा, तर ती भेट कसली? महिन्या-दोन महिन्यांतून एकदां, रविवारच्या सकाळचीं वीस मिनिटें यास पुरतात. जपानांत एक जुना समज आहे, कीं सुरी भेट दिली तर स्नेह तुटतो. म्हणून घेणारा एक नाणें देऊन ती विकत घेतल्यासारखें करतो. आपल्या घरीं नाण्याची गरज नाहीं. ज्यानें सुरी आणली, त्यानें निसणाही आणावा, आणि दगडापाशीं स्वतः बसावें.