टाके वाळले, मनाचे काय?

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेमुळे बायपासचे ऑपरेशन आता वस्तीतल्या माणसाच्याही आवाक्यात आले. मोठीच गोष्ट आहे. पण घरी आल्यावर काय होते? आठवडाभर दहा बाय बाराच्या खोलीत बघायला येणाऱ्यांची दाटी. 'आता आराम करा, कशात लक्ष घालू नका,' असे जो तो सांगतो. पुढे येणारे कमी होतात आणि माणूस भिंतीकडे तोंड करून पडून राहतो. रात्री झोप नाही. जरा टाका ओढला की जीव घाबरा होतो. क्षुल्लक कारणावरून चिडतो, नाहीतर रडतो.

कुणी म्हणते स्वभाव बदलला, कुणी म्हणते बाहेरचे काही आहे. दोन्ही चूक. सुरुवातीचे काही आठवडे असे होणे नेहमीचे आहे. पण उदासी दोन आठवड्यांहून जास्त टिकली, जेवण सुटले, तर तो आजार समजा. त्यावर उपचार आहेत. उदास माणूस गोळ्या चुकवतो, चालणे सोडतो आणि मनाचे दुखणे पुन्हा हृदयावर येते.

मला वाटते, जपण्याच्या नावाखाली आपणच माणसाला निकामी ठरवतो. छातीचे हाड जुळायला दोन-तीन महिने लागतात. तोवर पाण्याचा हंडा उचलायचा नाही, हे खरेच. पण भाजी निवडणे, घरखर्चाचा हिशेब, नातवंडांचा अभ्यास त्याच्याकडे राहू द्या. बाईचे मात्र उलटे होते. ती पंधरा दिवसांत नळावर उभी दिसते. तिचा हंडा घरातल्या पुरुषांनी उचलावा. कामावर कधी जायचे, नवरा-बायकोचे संबंध कधी ठेवायचे, हे डॉक्टरांना न लाजता विचारा.

तथागतांनी दोन बाणांचा दाखला दिला आहे. एक शरीराला लागतो, दुसरा मनाला. पहिला डॉक्टरांनी काढला; दुसरा काढायला घर आणि विहार हवे. रविवारच्या वंदनेला त्यांना सोबत घेऊन जा, बसायला खुर्ची द्या, विहाराचे एखादे हलके काम सोपवा. मन फारच खचले असेल तर १४४१६ या टेलि-मानसच्या मोफत क्रमांकावर मराठीतून बोलता येते. मात्र छातीत दाबल्यासारखे दुखले, दम लागला, घाम फुटला तर मनाचे खेळ म्हणून बसू नका. तडक दवाखाना गाठा.

आपला माणूस जगला आहे. त्याला माणसांत आणणे आपले काम आहे.