सुतक कुणाला?

२०२५ च्या सप्टेंबरात ‘साबर बोंडं’ चित्रपटगृहांत लागला, तेव्हा घरात मी म्हटलं, रविवारी सगळेच जाऊ. गोष्ट काय आहे हे कळल्यावर सगळ्यांनाच कामं निघाली. सौभाग्यवतींचे गुडघे दुखू लागले, चिरंजिवांना ऑफिसचं काम आठवलं. शेवटी दुपारच्या खेळाला मी एकटाच गेलो. आत पंधरा-वीस माणसं असतील. मध्यंतरानंतर त्यातलीही दोन-तीन परतली नाहीत.

गोष्ट साधी आहे. मुंबईत राहणाऱ्या, तिशीतल्या आनंदचे वडील जातात. दहा दिवसांच्या विधींसाठी तो आईबरोबर गावी येतो. घर भावकीनं भरलेलं. ‘लग्नाचं काय?’ हा प्रश्न सुतकातही थांबत नाही. गावात त्याचा लहानपणचा मित्र बाळ्या आहे, शेतीत राबणारा. त्याच्याही मागं घरच्यांनी लग्नाचा लकडा लावला आहे. या दोघांमध्ये जे आहे ते मैत्रीच्या पलीकडचं आहे. आईला मुलाचं ठाऊक आहे, आणि ती त्याच्या बाजूनं उभी आहे. मारामारी नाही, भाषण नाही, पार्श्वसंगीतसुद्धा नाही. चित्रपट संथ आहे हे मान्य करतो; माझ्या पुढच्या रांगेतल्या गृहस्थांनी निम्मा वेळ मोबाइलच पाहिला.

मला मात्र हलता येईना, कारण ते सुतकाचं घर माझ्या ओळखीचं होतं.

माझा एक चुलतभाऊ होता, आम्ही त्याला दादा म्हणायचो. पुण्यात नोकरी, भाड्याच्या दोन खोल्या आणि त्या खोल्यांत त्याचा एक मित्र. ‘रूम पार्टनर’ हा शब्द आमच्या घरात त्याच्यामुळेच आला आणि त्या शब्दानं सगळ्यांचीच सोय झाली. मित्र आमच्या प्रत्येक लग्नकार्याला यायचा. पंगतीत वाढायचा, पाहुण्यांचं सामान एसटी स्टँडवर पोचवायचा आणि स्वतः शेवटच्या पंगतीला बसायचा. १९९४ साली दादाचे वडील, म्हणजे आमचे थोरले काका, गेले. दहाव्याच्या आदल्या रात्री ओट्यावर सगळे बसलेले असताना मीच म्हणालो, “दादा, आता तरी मनावर घे. काकूंकडे कोण बघणार?” मला वाटलं, मी आपलेपणानं बोललो. दादा नुसता हसला. मित्र पाण्याचा तांब्या भरायच्या निमित्तानं उठून आत गेला.

२०११ मध्ये दादा आजारी पडला. इस्पितळाच्या फॉर्मवर ‘रुग्णाशी नातं’ असा रकाना होता. मित्रानं तिथं ‘मित्र’ लिहिलं. सही चालली नाही. दादाचा धाकटा भाऊ रात्रीच्या गाडीनं गावाहून येईपर्यंत सगळं थांबलं. दादा गेला. आम्हा भाऊबंदांना दहा दिवसांचं सुतक आलं. ज्या पुतण्यांनी दादाला धड पाहिलंही नव्हतं त्यांनाही आलं. सव्वीस वर्षं त्याच्याबरोबर एका छताखाली राहिलेला माणूस चौथ्या दिवशी कामावर गेला. त्याला कुणी जा म्हटलं नाही, आणि थांब असंही म्हटलं नाही. जागेचा करार दादाच्या नावावर होता. तीन महिन्यांत आम्ही ती रिकामी करून घेतली. कुलूप लावायला मीच गेलो होतो.

‘साबर बोंडं’ पाहताना मला हे सारं आठवलं. दिग्दर्शक रोहन परशुराम कानवडे मुंबईच्या वस्तीत वाढले. वडील ड्रायव्हर होते. इंटीरियर डिझाइन शिकलेल्या या माणसानं चित्रपटाला बीज घेतलं ते वडिलांच्या निधनानंतर गावी काढलेल्या स्वतःच्या दिवसांतून. २०२५ च्या आरंभी अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात जागतिक कथाचित्र विभागाचं सर्वोच्च पारितोषिक त्याला मिळालं. तिथं निवडला गेलेला हा पहिला मराठी चित्रपट. आपण अभिमानाचे मथळे छापले, आणि तिकीट काढायची वेळ आली तेव्हा आपले गुडघे दुखू लागले.

‘हे सगळं शहरी, बाहेरून आलेलं खूळ आहे,’ असं म्हणणारे भेटतात. त्यांना मी एवढंच विचारतो, तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ रंगभूमीवर कधी आलं? १९८१ साली. एका मुलीचं दुसऱ्या मुलीवर प्रेम, आणि तेही मराठी नाटकात. तेव्हा आपण ते पाहिलं आणि नंतर विसरून गेलो. १९९८ च्या डिसेंबरात ‘फायर’साठी मुंबईत चित्रपटगृहांची मोडतोड झाली. आता काचा फुटत नाहीत, खुर्च्या रिकाम्या राहतात. निर्मात्याच्या दृष्टीनं परिणामात फार फरक नाही. मोठा नट नाही, जाहिरातीला पैसा नाही, असा चित्रपट पहिल्या आठवड्यात माणसं आली नाहीत तर दुसऱ्या आठवड्यात दिसत नाही.

बरं, प्रेम कुणी कुणावर करायचं हे ठरवणारी भावकी फक्त अशाच घरांत असते असंही नाही. राजीव पाटील यांच्या ‘जोगवा’त (२००९) तायप्पा आणि सुली या दोघांना देवीला सोडलेलं आहे. त्याला लुगडं नेसवलेलं, तिच्या कपाळी भंडारा. पुरुष असण्याचा आणि बाई असण्याचा हक्कच काढून घेतलेली ही दोन माणसं एकमेकांवर जीव लावतात. नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ २०१४ साली चित्रपटगृहांत लागला तो नेमका १४ फेब्रुवारीला, प्रेमदिनी. कैकाडी भाषेत फँड्री म्हणजे डुक्कर. जब्याला वर्गातली शालू आवडते, आणि तिच्या देखत त्याला बापाबरोबर डुकरामागं धावावं लागतं. गाव कठड्यावर बसून मजा पाहतं. शेवटी जब्या दगड भिरकावतो, तो थेट आपल्या अंगावर येतो. त्या वेळी चित्रपटगृहात मी टाळी वाजवली होती. तो दगड दुसऱ्या कुणासाठी आहे असं मी धरून चाललो होतो.

‘साबर बोंडं’त दगड नाही. फड्या निवडुंगाची ती लाल फळं आमच्याकडं रानात पुष्कळ. बाहेरून बारीक कुसळं. उघड्या हातानं तोडलं की दोन दिवस बोटं ठणकतात. जाणती माणसं आधी कुसळं नीट झाडून, पुसून काढतात आणि मगच दुसऱ्याच्या हातावर फळ ठेवतात. हे काम वेळ खाणारं आहे. चित्रपट संथ का आहे, याचं उत्तर मला तिथं मिळालं.

कायद्याचं म्हणाल तर सर्वोच्च न्यायालयानं ६ सप्टेंबर २०१८ रोजी अशा संबंधांवरचा गुन्ह्याचा शिक्का पुसला. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी मात्र अशा जोडप्यांच्या विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला. म्हणजे दादा आज असता तर तो गुन्हेगार ठरला नसता, पण त्याच्या मित्राला त्या रकान्यात नवरा म्हणून नातं लिहिता आलं नसतं.

चित्रपट पाहून आलो आणि त्या रात्री बऱ्याच वर्षांनी त्याला फोन केला. नंबर तोच होता. तो आता निवृत्त आहे, एकटाच राहतो. मी चित्रपटाचं नाव घेतलं. “नाना, मी पहिल्याच दिवशी पाहिला,” तो म्हणाला. मग दोघंही थोडा वेळ गप्प होतो. पितृपंधरवड्यात दादाचं पान आमच्याकडे दरवर्षी वाढतात. मी विचारलं, “तुम्ही कधी आला नाहीत?”

“मला कुणी बोलावलंच नाही,” तो म्हणाला. आवाजात तक्रार नव्हती. मग त्यानंच विचारलं, “तिथी कोणती हो?”