रविवारचे मेण

मंगळवार पेठेतल्या माझ्या बहिणीच्या घराचा जिना चढू लागले की पूर्वी फोडणीचा वास यायचा. गेली तीन वर्षे रविवारी सकाळी तिथे मधाचा वास येतो. मध म्हणावा तर तितका गोड नाही; राळेचा धुरकट वास त्यात मिसळलेला असतो. पहिल्यांदा तो नाकात शिरला तेव्हा मी विचारले, "काय गं, पाक बिक करतेस की काय?" बहीण म्हणाली, "पाक कसला दादा, तुझी भाची माळ्यावर मेण वितळवत बसलीय. माझा बिडाचा तवा गेला कामातनं!"

भाची ३६ वर्षांची आहे. एका बँकेत कर्ज विभागात अधिकारी आहे. सासर शहराच्या दुसऱ्या टोकाला, दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये. तिथे मेणाला जागा नाही, म्हणून माहेरचा माळा. आठवडाभर गृहकर्जाच्या फायली आणि रविवारी सकाळी चार तास मेण, असा तिचा क्रम.

मेणचित्र हा प्रकार आपल्याकडे फारसा कोणी करत नाही, म्हणून थोडे सांगतो. मधमाशीचे मेण घ्यायचे, त्यात थोडी राळ घालायची आणि कोरड्या रंगाची भुकटी कालवायची. हे मिश्रण गरम तव्यावर पातळ करून ब्रशने लाकडी फळीवर ओढायचे. ब्रश तव्यावरून फळीपर्यंत पोहोचतो न पोहोचतो तोच मेण घट्ट व्हायला लागते, तेव्हा फटकारा एकाच दमात मारावा लागतो. प्रत्येक थरावर गरम हवेचा झोत फिरवून तो खालच्या थरात मुरवायचा. हा टप्पा आळसाने गाळला तर वरचा थर पुढे पापुद्र्यासारखा सुटतो. कॅनव्हास चालत नाही. तो लवतो आणि मेणाला तडे जातात. मेण ६२ ते ६४ अंश सेल्सिअसला वितळते, काम ८०-९० अंशांच्या आसपास चालते. त्याहून फार तापले की धूर निघतो आणि डोके धरते. बहिणीचा तवा गेला तो याच चुकीपायी. आता भाचीकडे तापमान राखणारा विजेचा तवा आहे, खिडकी सताड उघडी असते आणि भिंतीला तापमापक टांगलेला असतो. मेण ती भुदरगड तालुक्यातल्या पाटगावकडून आणवते. ते मधाचे गाव म्हणून आता नावारूपाला आले आहे. दुकानातले मेणबत्तीचे मेण ठिसूळ, ते तिला चालत नाही.

कला मात्र फार जुनी. तिच्या ग्रीक नावाचा अर्थच मुळी 'भाजून मुरवलेले' असा आहे. इजिप्तमध्ये फायूम परिसरात ममींच्या तोंडावर बसवलेली, पहिल्या ते तिसऱ्या शतकांतली माणसांची चित्रे सापडली, त्यांतली कित्येक मेणातली आहेत. इतक्या शतकांनंतरही त्या चेहऱ्यांची तकाकी गेलेली नाही. त्याच सुमाराच्या रोमन जगाशी आपलाही व्यापार होता. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकाडात सापडलेली पोसायडन या समुद्रदेवाची छोटी कांस्यमूर्ती आपल्या टाउन हॉलच्या संग्रहालयात आहे. म्हणजे ही मंडळी कोल्हापूरला अगदीच परकी नाहीत. असो.

मी तिला एकदा विचारले होते, की जलरंग आहेत, तैलरंग आहेत, हे तवा-फळीचे लचांड कशाला? तिने जॅस्पर जॉन्स या अमेरिकन चित्रकाराची गोष्ट सांगितली. १९५४ साली हा २४ वर्षांचा तरुण न्यूयॉर्कात दुकानांच्या दर्शनी खिडक्या सजवण्यासारखी कामे करून पोट भरत होता. अमेरिकेचा झेंडा रंगवायला त्याने घरगुती एनॅमल रंग घेतला, पण तो लवकर सुकेना. पुढचा फटकारा मारावा तर आधीचा फिसकटायचा. म्हणून तो मेणाकडे वळला. मेण क्षणात थिजते आणि प्रत्येक फटकारा जसाच्या तसा राहतो. ते चित्र पुढे जगप्रसिद्ध झाले.

"पण मामा, माझं उलटं आहे," भाची म्हणाली. "त्याला थांबायचं नव्हतं. मला थांबावंच लागतंय. तैलरंग मधेच सोडून गेलो की आठ दिवसांनी अर्धवट सुकलेले असतात, हातही लावता येत नाही. मेणाला पुढच्या रविवारी ऊब दाखवली की मागच्या रविवारचं चित्र परत ओलं होतं."

(कोल्हापूरच्या लेकी अजून 'आलो', 'गेलो'च म्हणतात. पुण्याच्या वाचकांनी दचकू नये.)

तिचे हे वाक्य माझ्या मनात घर करून राहिले. मी ३८ वर्षे बँकेत काढली आणि त्याच काळात कादंबऱ्या लिहिल्या. अर्धवट सुटलेले प्रकरण आठ दिवसांनी पुन्हा उघडायचे म्हणजे काय असते, हे मला ठाऊक आहे. पहिले दोन तास नुसती ऊब देण्यात जातात.

गेल्या मार्चअखेरीनंतरच्या रविवारी मी माळ्यावर गेलो तेव्हा तवा थंड होता. ती फळीसमोर नुसतीच बसली होती. मार्चात बँकवाल्याचे काय होते ते मला सांगायला नको. थकीत कर्जांच्या याद्या, वरून फोन, रात्री साडेनऊला घर. सलग पाच रविवार बुडाले होते. तिने विचारले, "मामा, राजीनामा देऊ काय?"

तिने हा प्रश्न मला विचारावा हे साहजिकच होते. गावात नोकरी सांभाळून लिहिणारा माणूस म्हणून माझे थोडे नाव आहे. सत्कारात हा प्रश्न हमखास येतो आणि माझे उत्तरही पाठ आहे: पहाटे चारला उठायचो, सहापर्यंत लिहायचो, मग बँक. टाळ्या पडतात. मीही ते तिला सांगायला तोंड उघडले. वर चार थोरांचे दाखले जोडले.

अरुण कोलटकर आपल्या कोल्हापूरचेच, १९३२चा जन्म. जाहिरातीच्या धंद्यात चित्रकार म्हणून त्यांनी नाव काढले आणि पोटाचा उद्योग चालू असतानाच मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत कविता लिहिली. सुधीर पटवर्धन वैद्यकीचे शिक्षण घेऊन क्ष-किरणतज्ज्ञ झाले. १९७५ पासून २००५ पर्यंत, तब्बल तीस वर्षे, ठाण्यात व्यवसाय केला आणि त्या काळात लोकलमधली, इराण्याच्या हॉटेलातली, रस्त्यावरची साधी माणसे अशी रंगवली की ती भारतीय चित्रकलेत कायमची येऊन बसली. त्यांच्या बाबतीत मला नेहमी वाटते, की दवाखाना नसता तर ती माणसे त्यांना इतक्या जवळून दिसलीच नसती. दिवसभर माणसांच्या हाडांच्या सावल्या पाहणारा माणूस संध्याकाळी त्यांच्यावर मांस चढवत होता.

आणि आम्हा बँकवाल्यांचे दैवत म्हणजे टी. एस. एलियट. १९१७ ते १९२५ लंडनच्या लॉइड्स बँकेत नोकरी. १९२२ साली एझरा पाउंड या मित्राने वर्गणी काढून त्याला बँकेतून सोडवायचा घाट घातला. एलियट काही त्या वर्गणीवर बँक सोडून गेला नाही. पुढे सोडली ती प्रकाशनसंस्थेतल्या दुसऱ्या नोकरीसाठी. महिन्याच्या ठरलेल्या तारखेला येणाऱ्या पगाराने मनाला जी स्वस्थता मिळते ती कवीलाही कळते.

उलट बाजूही सांगितली. आबालाल रहिमान पूर्णवेळ चित्रकार होऊ शकले, कारण पाठीशी शाहू महाराजांसारखा राजा होता. आता राजा नाही. शाहू स्मारकच्या कलादालनात प्रदर्शन भरवावे, लोक येतात, "छान आहे" म्हणतात, चहा घेऊन जातात. घराचा हप्ता त्यावर फिटत नाही. कर्ज विभागातल्या बाईला हे मी काय सांगावे!

ती सगळे शांतपणे ऐकत होती. मग तवा पुसत म्हणाली, "मामा, यातल्या किती जणांना सकाळी डबे करायला लागत होते?"

मला पटकन उत्तर सुचले नाही.

तिचा नवरा भला माणूस आहे. घरात 'मदत' करतो. हा 'मदत' शब्द मी अलीकडे नीट ऐकायला शिकलो आहे. मदत दुसऱ्याच्या कामात करतात. आपल्या कामात कुणी मदत करत नाही, ते आपण नुसते करतो. आणि तिच्या चित्रांना सगळे घर 'छंद' म्हणते. मी लिहायचो त्याला कुणी छंद म्हटले नाही. "आप्पा लिहितायत, आवाज करू नका," असे माझी मुले दबक्या आवाजात एकमेकांना सांगायची. २०१५ च्या सप्टेंबरपासून बँकांना दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारची सुटी मिळाली. भाचीला वाटले, चला, महिन्याला दोन दिवस वाढले. ते शनिवार कुठे गेले ते तिने मला बोटांवर मोजून सांगितले: दळण, मुलाचे दात, सासऱ्यांची साखर तपासणी, गणवेश. तव्यापर्यंत एकही शनिवार पोहोचला नाही.

तेव्हा पहाटे चारची माझी ती टाळ्यांची गोष्ट अर्धीच आहे, हे आता छापून टाकतो. चारला मी उठायचो, हे खरे. पण मला उठवणारी आणि चहा ठेवणारी बायको पावणेचारला उठलेली असायची. मी कागदावर मान घालून बसायचो तेव्हा तापलेले पोर तिच्या खांद्यावर असायचे. माझ्या वडिलांची शेवटची चार वर्षे अंथरुणात गेली, त्या काळात माझी सगळ्यात जाड कादंबरी झाली. चंदगडला बदली झाली, मग कोकणात. दर वेळी सामान तिने बांधले आणि शाळेचे दाखले तिने काढले. आम्ही काउंटरवर एका रुपयाचा फरक निघाला तरी रात्री दहापर्यंत तो शोधत बसायचो, आणि घरात वर्षानुवर्षे हे वेळेचे खाते एकतर्फी चालले होते ते मला कधी दिसले नाही. लग्नाआधी ती देवल क्लबात गाणे शिकायची. लग्नानंतरही दोन वर्षे जात होती. ते नेमके कधी थांबले, मला सांगता येत नाही. पहिली कादंबरी मी कुठल्या तारखेला सुरू केली ते मात्र सांगता येते.

म्हणून वृत्तपत्रांतून 'नोकरी सांभाळून जोपासली कला' अशा मथळ्यांचे लेख येतात तेव्हा मला हल्ली त्या फोटोच्या कडेला कोण उभे आहे ते पाहावेसे वाटते. नोकरी कलेचे आठ-दहा तास खाते, हे खरे, पण ते राजरोस खाते आणि त्याचे पैसे मोजते. उरलेल्या तासांचे वाटप घरात होते आणि तिथे नियमपुस्तिका नसते. भाचीने नोकरी सोडली असती तर रिकामा झालेला वेळ मेणाकडे गेला असता की घरातल्या आणखी चार कामांकडे? "आता घरीच असतेस ना" हे वाक्य किती दिवसांत कानावर आले असते? माझा अंदाज पंधरा दिवसांचा. नोकरी सोडायचीच असेल तर ती आधी हे वाटप बदलून मग सोडावी. नाहीतर पगारही जायचा आणि रविवारही.

हे सगळे मी तिला त्या दिवशी सांगितले नाही. तेवढे सुचलेच नव्हते. "पावसाळ्यापर्यंत थांब," एवढेच मोघम बोललो. निघताना तिने विचारले, "मामी काय म्हणतात?"

मामीला मी विचारले नव्हते. घरी आल्यावर विचारले. ती शेंगा सोलत होती. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "राजीनामा देऊ नको म्हणावं. पगार हातात असला की बाईचं बोलणं जरा ऐकलं जातं. आणि रविवारी पोराला इथं आणून सोडायला सांगा. त्याच्या बापालाही सांगा, सकाळचा सैपाक आता त्याच्याकडं."

"आणि पोराला सांभाळणार कोण?" मी विचारले.

"तुम्ही," ती म्हणाली. "रिटायर होऊन पाच वर्षं झाली. रविवारी सकाळी मला भजनाला जायचं असतं."

भजनाला जायला तिने नेमकी कधी सुरुवात केली तेही मला ठाऊक नव्हते.

जूनपासून भाचीचा मुलगा रविवारी आठला आमच्याकडे येतो. सात वर्षांचा आहे, एका जागी दोन मिनिटे बसत नाही. भाचीचे चार रविवार सलग पार पडले, पाचव्याला सासऱ्यांना दवाखान्यात न्यावे लागले, सहाव्याला पुन्हा तवा तापला. फळीवर रंकाळ्याचे पाणी आहे असे ती म्हणते. मला अजून नुसते हिरवे-करडे थर दिसतात, खालचा प्रकाश वर झिरपल्यासारखे. नवऱ्याने केलेल्या आमटीविषयी घरात दोन मते आहेत.

हा लेख मी तीन रविवारांत लिहिला. एरवी एका बैठकीत झाला असता. आता साडेदहा झालेत, माझ्या पेनाचे टोपण घेऊन पोरगा गॅलरीत पळाला आहे आणि त्याला भूक लागली आहे. डब्यात काय ठेवले आहे ते मला शोधावे लागेल, कारण मामी घरात नाही.