घरातल्या घरात दुभाष्या कशाला?

कामोठ्याच्या कोणत्याही गृहसंकुलात रात्री नऊच्या सुमारास डोकावले, तर दिसणारे दृश्य ओळखीचे आहे. मानसरोवर स्थानकावर उतरून दमून घरी आलेले वडील, ताटे वाढणारी आई आणि हातातील पडद्यावरून नजर न हलवता 'क्रिंज', 'ऑरा', 'नो कॅप' असे शब्द फेकणारा पंधरा वर्षांचा मुलगा. आई-वडील एकमेकांकडे पाहतात आणि मग गुपचूप भ्रमणध्वनीवर अर्थ शोधला जातो. पोटच्या पोराचे बोलणे कळावे म्हणून परदेशी संकेतस्थळाचा दुभाष्या!

बरे, या शोधाचा उपयोग तरी किती? 'रिझ' हा शब्द ऑक्सफर्डने २०२३ चा वर्षशब्द ठरविला. २०२५ साली डिक्शनरी डॉट कॉमने तो मान '६७' ला दिला, ज्याला धड अर्थच नाही. पालक अर्थ पाठ करीपर्यंत मुले पुढच्या शब्दावर गेलेली असतात. 'पालकांसाठी नव्या शब्दांची यादी' छापणारे याचा विचार करीत नाहीत.

तरुणांची सांकेतिक बोली ही काही नवी आपत्ती नव्हे. 'च'ची भाषा बोलत कित्येक पिढ्यांनी मोठ्यांना चकविले. आज चिंतातुर झालेले वडील स्वतः महाविद्यालयात असताना 'भंकस', 'कल्टी', 'लोच्या' म्हणत होतेच आणि त्यांच्या वडिलांच्या कपाळाला आठ्याही पडत होत्या. परंतु आठ्या पडल्या त्या शब्द कळल्यामुळे! कोल्हापूरच्या पोराने 'नाद खुळा' म्हटले, तर आजोबांना नाद ठाऊक होता आणि खुळाही. आज तुटला आहे तो हा धागा, आणि तो मुलांनी तोडलेला नाही.

कामोठे हे मूळचे आगरी गाव. सिडकोच्या वसाहतीत सातारा, सांगली, कोकण येथून कुटुंबे आली, ती आपापली बोली घेऊनच. एकाच जिन्यात तीन प्रकारची मराठी नांदावी, अशी ही श्रीमंती होती. तिचे काय केले गेले? तिसऱ्या वर्षी मूल इंग्रजी माध्यमात घातले. 'घरीही इंग्रजीच बोला' ही शाळेची सूचना शिरसावंद्य मानली. आजीची बोली गावंढळ ठरवून तिला नातवासमोर गप्प बसविले. हे अनेक घरांत अभिमानाने घडले. बारा वर्षांनी तेच आई-वडील विचारतात, मुलगा आमच्याशी बोलत का नाही? त्याने बोलावे कोणत्या भाषेत?

काहींना दटावणी हाच उपाय वाटतो. 'असले शब्द घरात नकोत!' स्वाभिमानाचा हा आव फसवा आहे. शिवछत्रपतींनी राजव्यवहारकोश करवून घेतला, तेव्हा फारसी शब्दांच्या जागी बसणारे शब्द सिद्ध केले. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी 'महापौर', 'दिनांक', 'हुतात्मा' असे शब्द दिले. नुसते डोळे वटारले नाहीत. दटावणारे वडील मुलाला बदल्यात कोणता शब्द देतात? राज्याने २०२० मध्ये सर्व मंडळांच्या शाळांत दहावीपर्यंत मराठी सक्तीची करणारा कायदा केला, हे योग्यच झाले. पण तो कायदा जेवणाच्या ताटापर्यंत पोहोचत नाही.

प्रश्न केवळ भाषाभिमानाचाही नाही. २०२५ च्या 'अ‍ॅडोलेसन्स' या ब्रिटिश मालिकेत तेरा वर्षांच्या मुलावर शाळेतील मुलीच्या खुनाचा आरोप येतो आणि समाजमाध्यमावरील चित्रखुणांचा अर्थ तपास अधिकाऱ्याला त्याचाच मुलगा समजावून सांगतो. कथा कल्पित आहे. पण चिडवणे, धमकावणे, भुलविणे हे सारे आज अशाच खुणांत चालते. घरातले मूल त्यात भरडले जात असेल, तर ते यादी वाचून कळणार नाही. मुलाने येऊन सांगितले, तरच कळेल. त्यासाठी सांगण्याची सवय आधीपासून हवी.

ती लावायला खर्च नाही. जेवताना भ्रमणध्वनी बाजूला ठेवावेत, वडिलांनीही. मुलाने एक शब्द सांगावा, मोठ्यांनी एक. तो 'नो कॅप' म्हणेल, आईने 'आईशप्पथ' म्हणावे. तो 'ऑरा' म्हणजे काय ते सांगेल, तेव्हा सातारच्या आजोबांनी 'वट' म्हणजे काय ते सांगावे आणि गावात ती कोणाची होती, तेही.