डोळा हलतो, कागद हलत नाही

पैनगंगेच्या दोन्ही काठांवरून, म्हणजे आदिलाबाद जिल्ह्यातून आणि राज्याच्या सीमेपलीकडच्या किनवट-यवतमाळ पट्ट्यातून, या मासिकाकडे येणाऱ्या वाचकपत्रांत एक तक्रार आता इतक्या वेळा उमटली आहे की तिची दखल संपादकीयातच घेणे भाग आहे. नेत्रहालचालीचा दोष असलेला रुग्ण दिव्यांगत्वाच्या शिबिरात, म्हणजे तेलंगणात ज्याला सर्रास ‘सदरम’ म्हटले जाते तेथे, तक्त्यासमोर बसतो, ६/९ ची ओळ वाचतो आणि शून्य टक्क्यांचा शेरा घेऊन घरी परततो. त्याला चालताना समोरचा रस्ता हलताना दिसतो, जिना उतरताना एका पायरीच्या दोन पायऱ्या दिसतात, एसटीचा फलक वाचायला थांबावे लागते; पण यांपैकी कशालाही छापील अर्जात रकाना नाही.

दोष शिबिरात बसणाऱ्या एखाद्या डॉक्टरच्या मनात नसून मोजमापाच्या रीतीत आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ च्या परिशिष्टात अंधत्व आणि अल्पदृष्टी यांची व्याख्या दृष्टितीक्ष्णता आणि दृष्टिक्षेत्र या दोनच निकषांवर बेतलेली आहे. दृष्टितीक्ष्णता मोजताना एक डोळा झाकला जातो, आणि द्विदृष्टी, म्हणजे दोन डोळ्यांच्या रेषा न जुळल्याने एका वस्तूच्या दोन प्रतिमा दिसणे, ही बहुतेक वेळा डोळा झाकताक्षणीच नाहीशी होते. म्हणजे ज्या तक्रारीसाठी रुग्ण आला ती तक्रार तपासणीची पहिली कृतीच पुसून टाकते. तीच गत डोके हलताना कानाच्या संतुलनयंत्रणेतून डोळ्याला स्थिर ठेवणाऱ्या प्रतिक्षिप्त क्रियेची: ती दोन्ही बाजूंनी निकामी झालेला माणूस खुर्चीत बसून ६/६ वाचू शकतो, मात्र चार पावले टाकली की त्याचे जग डचमळू लागते, आणि शिबिरात रुग्णाला चालवत तक्ता वाचायला कोणी लावत नाही. नेत्रकंपाचे, म्हणजे डोळ्यांच्या अनैच्छिक सततच्या हेलकाव्याचे, मूल मान एका विशिष्ट कोनात वळवून कंप कमी करून घेते आणि त्याच कोनात ओळी वाचते; नोंद मात्र ओळींची होते, वाकड्या मानेची नाही.

मग अशा रुग्णाला अस्थिरोग किंवा मेंदूविकाराच्या टेबलाकडे धाडले जाते. तेथे हातापायांचे बळ पाहून ते पूर्ण असल्याचा शेरा मिळतो आणि डोळ्यांचे काम नेत्रतज्ज्ञाचे आहे असे सांगून त्याची परत पाठवणी होते. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी, या म्हणीचा इतका शब्दशः प्रत्यय अन्यत्र क्वचितच मिळेल. सवलती आणि पेन्शन यांसाठी ४० टक्क्यांची अट असल्याने या टोलवाटोलवीची किंमत रुग्ण दर महिन्याला मोजतो, आणि विचारणा केली असता ‘मार्गदर्शक तत्त्वांत तरतूद नाही’ हे एकच उत्तर ऐकवले जाते. तरतूद नसेल तर ती मागण्याचे काम कोणाचे, हा प्रश्न विचारल्यावर मात्र सगळे कागद एकदम अबोल होतात.

आदिलाबाद हा दृष्टीच्या मोजणीला अपरिचित असा मुलूख नाही. १९९६ ते २००० या काळात झालेल्या आंध्र प्रदेश नेत्ररोग सर्वेक्षणासाठी निवडलेल्या चार भागांत हा जिल्हा होता, आणि त्या सर्वेक्षणात तपासलेल्या १०,२९३ व्यक्तींच्या आधारे अंधत्वाचे प्रमाण १.८४ टक्के निघाले. त्याच सुमारास एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेचे ग्रामीण केंद्र मुधोळ येथे, म्हणजे आज निर्मल जिल्ह्यात गेलेल्या पण तेव्हा आदिलाबादच्याच असलेल्या मराठीभाषक टापूत, उभे राहिले. २०१८ आणि २०२३ मध्ये राज्य शासनाच्या ‘कंटी वेलुगु’ मोहिमेची पथके गावोगावी फिरली आणि त्यांनी चष्मे वाटले. हे सारे काम मोलाचेच होते. पण त्याचा रोख डोळ्याला किती दिसते यावर होता, डोळा कसा वळतो यावर नव्हता.

वास्तविक मानवी हालचालींच्या नियंत्रणाचा, म्हणजे मेंदू स्नायूंना आज्ञा कशी देतो आणि चूक कशी सुधारतो याचा, अभ्यास करण्यास डोळ्याइतके सोयीचे इंद्रिय दुसरे नाही: प्रत्येक डोळ्याला सहा स्नायू, त्यांना चालवणाऱ्या तीन कपालचेता, आणि उचलायचे वजन जवळजवळ नगण्य. एका लक्ष्यावरून दुसऱ्यावर नजर टाकणारी झेप, जिला सॅकेड म्हणतात, ती मोठी असल्यास सेकंदाला काहीशे अंशांच्या वेगाने होते. तिचा वेग मस्तिष्कस्तंभातील चेतापेशी ठरवतात, तर तिचा अचूकपणा लहान मेंदू राखतो. त्यामुळे झेप मंद आहे की नेम चुकणारी आहे, एवढे ओळखले तरी बिघाडाची जागा पुष्कळ अंशी कळते. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातील नोशीर वाडिया यांनी आपले सहकारी स्वामी यांच्यासह १९७१ मध्ये ‘ब्रेन’ या नियतकालिकात नऊ कुटुंबांतील आनुवंशिक तोलविकाराचे वर्णन केले, तेव्हा त्या विकाराला इतरांपासून वेगळे काढणारी खूण हीच मंद झेप होती. १९९६ मध्ये एससीए-२ या आनुवंशिक तोलविकाराचे जनुक सापडले आणि वाडियांनी वर्णिलेला विकार त्याच जातीचा असल्याचे मानले गेले. क्यूबातील होल्गिन प्रांतात हा विकार जगात सर्वाधिक आढळतो आणि तेथील संशोधकांनी झेपेचा वेग मोजूनच रोगाची वाटचाल तपासली. म्हणजे ज्या निरीक्षणाने जागतिक वैद्यकात भर घातली, त्याची सुरुवात मुंबईच्या वॉर्डात झाली होती.

असे असता व्यवसायबंधूंच्या केसपेपरवर काय दिसते? ‘डोळे : नॉर्मल’. हा शेरा शासनाने लिहायला लावलेला नाही, आणि तो किती महागात पडू शकतो ते पाहा. जमिनीवर झोपलेला शेतमजूर पहाटे पोटदुखीने उठतो, अंगावर दंशाची खूण दिसत नाही, पण पापण्या जड झालेल्या आणि बुबुळे वळेनाशी झालेली असतात. येथे मण्यारीच्या विषाची शंका घेऊन रुग्णाच्या श्वासावर नजर ठेवायची की त्याला दारूच्या धुंदीत समजून बाजूला बसवायचे, हे पाहणाऱ्याच्या दोन मिनिटांवर अवलंबून असते. दीर्घकाळ मद्यपान आणि उपासमार झालेल्या रुग्णात डोळे वळत नसतील व तोल जात असेल, तर थायमिन देण्यात दिरंगाई चालत नाही. सतत गरगरणाऱ्या आणि नेत्रकंप असलेल्या रुग्णात डोके झटक्याने वळवून पाहणे, कंपाची दिशा पाहणे आणि डोळा आळीपाळीने झाकून उभा तिरपेपणा पाहणे, या तीन पायऱ्यांची चाचणी २००९ मध्ये १०१ रुग्णांवर तपासली गेली. तज्ज्ञ हातांत तिने पक्षाघाताचा एकही रुग्ण सोडला नाही, तर सुरुवातीचे एमआरआय १२ टक्के रुग्णांत फसवे ठरले. आदिलाबादहून हैदराबाद सुमारे तीनशे किलोमीटरवर असताना ही चाचणी येत नसणे परवडणारे नाही.

म्हणून शिबिरांच्या नियमांची वाट पाहत बसणे आता पुरे. वाचकांनी या महिन्यातच एक रबरी शिक्का करून घ्यावा आणि प्रत्येक संबंधित केसपेपरवर तो उमटवावा: सरळ बघताना डोळे स्थिर आहेत का, नऊ दिशांत हालचाल पूर्ण आहे का, दोन बोटांमध्ये नजर टाकताना झेप मंद की चुकणारी, डोके हलवताना तक्त्यावरच्या किती ओळी गळतात, दोन्ही डोळे उघडे असताना प्रतिमा दोन दिसतात का. पाच ओळी, नेहमीचा तक्ता, पेनाचे एक टोपण आणि दोन मिनिटे, याहून अधिक काही लागत नाही. रिम्ससारखे वैद्यकीय महाविद्यालय जिल्ह्यातच असल्याने तेथील पदव्युत्तर विद्यार्थ्यांना या नोंदी प्रबंधाचा विषय म्हणूनही वापरता येतील. प्रमाणपत्र नाकारले गेल्यास त्या शून्याखाली या पाच ओळी जोडून अपील करावे, आणि नाव-पत्ता गाळून त्याची प्रत मासिकाकडे पाठवावी. तक्रारींच्या पत्रांना साहेब ‘तरतूद नाही’ म्हणू शकतात. शेकडो सह्यांच्या, मोजमापांच्या कागदांपुढे त्यांना तरतूद करावी लागेल. मात्र त्यासाठी ‘डोळे : नॉर्मल’ हा शेरा आधी स्वतःच्या टेबलावर थांबला पाहिजे.