थंडीतले तेल आणि खरे माप

कार्तिक पौर्णिमेची यात्रा आटोपली की रामटेकच्या बाजारपेठेत थंडी उतरू लागते. शांतिनाथ भगवंतांच्या दर्शनास येणारे यात्रेकरू शाली पांघरतात आणि किराणा दुकानांत दोन तक्रारी ऐकू येतात: ‘खोबरेल गोठले, त्यात काही मिसळले असेल’ आणि ‘तेलाचा डबा वरून रिकामा आहे’. भेसळीचा संशय घेण्यापूर्वी थंडीचा गुणधर्म समजून घेणे ग्राहक व व्यापारी या उभयतांच्या हिताचे आहे.

पदार्थ तापला की त्याचे कण वेगाने हालतात व परस्परांपासून दूर सरतात. निवला की ते मंदावतात व जवळ येतात. खोबरेल सुमारे २४ अंशांखाली गोठू लागते, शेंगदाणा तेल मात्र तेव्हा पातळच असते. तूप सावकाश निवले तर त्यात ठळक रवा धरतो. तेच झटकन गार केले तर गुळगुळीत थिजते. म्हणून केवळ रव्यावरून तुपाची पारख करणे न्याय्य नव्हे.

न गोठणारे तेलही आकसते. एक लिटर सोयाबीन तेल २१ अंशांवर ९१९ ग्रॅम भरते, तर ६० अंशांवर केवळ ८९२.६ ग्रॅम. नागपूर परिसरात हिवाळ्यात पारा १० अंशांखाली जातो आणि मे महिन्यात ४५ अंशांपलीकडे. या दोन टोकांमध्ये लिटरमागे सुमारे २४ ग्रॅमांचा फरक पडतो. गरम असताना भरलेला डबा निवल्यावर वरून रिकामा दिसतो, तरी त्याचे वजन तेच राहते.

येथेच नीतीचा प्रश्न उभा राहतो. काही उत्पादक पाकिटांवर ६० अंशांपर्यंतचे तापमान छापून लिटरचे माप दाखवीत असत. ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने तापमानाचा उल्लेख वगळून लिटरसोबत वजनही छापण्याची सूचना केली व त्यासाठी १५ जानेवारी २०२३ पर्यंत मुदत दिली.

तत्त्वार्थसूत्रात अचौर्य अणुव्रताच्या पाच अतिचारांत ‘हीनाधिक मानोन्मान’ सांगितला आहे. मान म्हणजे भांड्याचे माप आणि उन्मान म्हणजे तराजूचे. देताना कमी व घेताना अधिक मोजणे, हा तो दोष. भांड्यातील माल ऋतूप्रमाणे फुगतो, आकसतो. तराजूवरचा आकडा मात्र त्याने ढळत नाही.

म्हणून १५ लिटरचा आणि १५ किलोचा डबा शेजारी ठेवून भाव सांगताना भेद स्पष्ट करावा. लिटरच्या डब्यात पावणेचौदा किलोंहूनही कमी तेल असते. ग्राहकाला हे ठाऊक नसेल, तर ते सांगणे व्यापाऱ्याचे कर्तव्य ठरते. डबा रिकामा वाटल्यास वाद न घालता तो काट्यावर ठेवावा. पेढीची पत अशाच व्यवहारांतून पिढ्यान्‌पिढ्या टिकते.