कण्हेर लावा, पण ओळखून

उन्हाळ्यात कुंडीतला गुलाब मान टाकतो, हिरवळ करपते, तेव्हाही कण्हेर गुलाबी-पांढऱ्या फुलांनी डवरलेली असते. तिला पाणी कमी लागते, फांदी खोचली तरी जगते, छाटली तरी जोमाने फुटते आणि शेळ्या-गुरे तिला तोंड लावत नाहीत. म्हणूनच महामार्गांचे दुभाजक, शाळांची कुंपणे, सोसायट्यांची आवारे आणि दवाखान्यांची अंगणेसुद्धा कण्हेरीने भरली आहेत. यातल्या शेवटच्या गुणाकडे मात्र कोणी नीट पाहत नाही. शेळीसुद्धा कण्हेर खात नाही, कारण ती विषारी आहे.

कण्हेरीचे पान, फूल, साल, मूळ, बी असे सगळेच भाग विषारी असतात. तिची नातलग म्हणजे पिवळी कण्हेर, म्हणजेच बिट्टी. ही मूळची मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतली. पण आता गावोगावच्या देवळांभोवती ती इथलीच असल्यासारखी रुजली आहे. घंटेसारखी पिवळी फुले देवाला वाहिली जातात आणि तिच्या टणक बिट्ट्यांनी मुले खेळतात. कित्येक आजी-आजोबांनी लहानपणी हेच केलेले असते, त्यामुळे ‘आम्हाला कुठे काय झाले?’ हा प्रश्न घरोघरी ऐकू येतो. खेळण्याने काही होत नाही, हे खरेच. धोका आहे तो बिट्टी फोडून आतला गर खाण्यात. एखादे पान चावून थुंकलेल्या मुलाला बहुधा गंभीर त्रास होत नाही. पण बिट्टीच्या बीची गोष्ट वेगळी आहे. ते पोटात गेले असेल, तर ‘बघू थोडा वेळ’ म्हणायला जागा नाही.

या झाडांतली विषारी द्रव्ये हृदयावर काम करतात. हृदयाच्या प्रत्येक पेशीच्या आवरणात सोडियम बाहेर टाकणारा आणि पोटॅशियम आत घेणारा एक पंप असतो. हे विष तो पंप बंद पाडते. मग नाडी मंदावते, ठोके चुकतात, रक्तातले पोटॅशियम वाढते आणि हृदय अचानक थांबूही शकते. विल्यम विदरिंग या इंग्रज डॉक्टरने १७८५ साली डिजिटॅलिस या बागेतल्याच फुलझाडाच्या औषधी उपयोगावर पुस्तक लिहिले. त्याच गटातले डिजॉक्सिन आजही हृदयरुग्णांना मोजूनमापून दिले जाते. पानात किंवा बीमध्ये मात्र मात्रा मोजलेली नसते. आयुर्वेदानेही करवीर, म्हणजे कण्हेर, उपविषांत गणली आहे. त्यामुळे ऐकीव माहितीवर तिचा काढा करून पिणे हा औषधोपचार नव्हे. उकळल्याने किंवा वाळवल्याने तिचे विष जात नाही.

खरी अडचण अशी, की सुरुवातीची लक्षणे फसवी असतात. मळमळ, उलट्या, पोटदुखी, जुलाब एवढेच दिसते आणि घरचे लोक ‘बाहेरचे खाल्ले असेल’ म्हणून लिंबूपाणी देत बसतात. मूल हसते-बोलते असते. तेवढ्यात ठोके बिघडायला सुरुवात झालेली असते. ते फक्त ईसीजीवर कळते आणि तोही एकदा काढून भागत नाही. म्हणून अशा रुग्णाला किमान एक दिवस देखरेखीखाली ठेवावे लागते. ‘आता बरा आहे, घरी नेतो’ असा हट्ट नातेवाइकांनी धरू नये.

अशा वेळी घरच्यांनी करायचे ते थोडकेच आहे. तोंडात राहिलेला तुकडा काढावा आणि चूळ भरायला लावावी. मिठाचे पाणी पाजून किंवा घशात बोटे घालून उलटी करवू नये. दूध-तुपाचा उपाय करू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी किंवा मिळेल त्या वाहनाने रुग्णालय गाठावे आणि झाडाची डहाळी किंवा फळ पिशवीत घालून सोबत न्यावे. डॉक्टरांचा निम्मा वेळ ‘नक्की काय खाल्ले’ हे शोधण्यात जातो. ती डहाळी तो वेळ वाचवते.

मग ही झाडे उपटून टाकावीत का? तशी गरज नाही. उन्हातान्हात सावली-फुले देणारे झाड तोडून काही साधणार नाही. झाडाची निगा राखताना थोडी शिस्त पाळली तरी पुरे. लहान मुले असलेल्या घरात बिट्टी लावू नये. असलीच तर फळे हिरवी असतानाच काढून टाकावीत आणि खाली पडलेली रोज वेचावीत. बहर ओसरल्यावर छाटणी करताना हातमोजे घालावेत, चीक अंगाला-डोळ्यांना लागू देऊ नये आणि नंतर साबणाने हात धुवावेत. छाटलेल्या फांद्या गोठ्याजवळ टाकू नयेत आणि जाळूही नयेत. वाळलेला पालाही जनावरांना घातक असतो आणि धूर त्रासदायक. फुलदाणीतले पाणी मुलांच्या हाताला लागेल असे ठेवू नये.

घरापुरती शिस्त घरचे लोक पाळतील. सार्वजनिक जागांचे काय? चॉकलेटच्या वेष्टनावर घटक छापलेले असतात, अशी स्थिती रोपांची नाही. प्रत्येक विषारी रोपाला मराठीत नाव आणि ‘खाण्यास विषारी’ एवढी पट्टी लावायला फारसा खर्च येत नाही. अंगणवाड्या आणि प्राथमिक शाळांच्या आवारात बिट्टी लावूच नये, असा साधा नियम पालिका आणि ग्रामपंचायती करू शकतात.

दुसरी जबाबदारी आरोग्य यंत्रणेची. या विषावर डिजॉक्सिनविरोधी प्रतिपिंडांचा उतारा आहे. पिवळ्या कण्हेरीच्या रुग्णांसाठी तो उपयोगी ठरतो, हे श्रीलंकेत झालेल्या चाचणीने दाखवले. तिचे निष्कर्ष २००० साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. पण तो महाग असल्याने गरिबाच्या वाट्याला येत नाही. तो प्रत्येक तालुक्याला मिळणे अवघड असेल, तर निदान मोठ्या शासकीय रुग्णालयांत त्याचा साठा असावा. ग्रामीण रुग्णालयात मात्र चालू ईसीजी यंत्र, अ‍ॅट्रोपिन आणि रुग्णाला कृत्रिम पेसमेकरची सोय असलेल्या ठिकाणी वेळेत पाठवण्याची व्यवस्था हवीच. ही मागणी मोठी नाही.

पुढच्या पावसाळ्यात वृक्षारोपणाचे खड्डे खणले जातील, तेव्हा रोपांची यादी करणाऱ्याने एवढेच विचारावे : हे झाड नक्की कोणते आणि त्याच्या सावलीत कोण खेळणार आहे?